आईला घेऊन कोंडाण्याला

"पलीकडच्या डोंगरात आपली लेणी आहेत. रिटायर झालो की सगळ्यांना घेऊन जाईन."

आमचे दादा हे वाक्य वर्षातून चार-पाच वेळा तरी म्हणत. दादा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगमन होते. कर्जतच्या पुढे, बोरघाटात त्यांची ड्यूटी असे. खांद्यावर पहार, उन्हाळ्यात तापलेला रूळ आणि पावसाळ्यात दरडीवर डोळा, अशी त्यांची सारी उमर गेली. घाटात रुळावर उभे राहिले की खाली उल्हास नदीची खोल दरी आणि पलीकडे राजमाचीचा डोंगर दिसतो. त्याच डोंगराच्या कुशीत कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. दादा तो डोंगर वर्षानुवर्षे पाहत होते. पण आठवड्याची सुट्टी दळण-किराणा, लग्न-मयत आणि समाजाची मीटिंग यांतच संपे. रिटायर व्हायला आठ वर्षे असताना, १९९७ साली, आजारपणात ते गेले. लेणी पाहायची राहिली ती राहिलीच.

त्याला आता पाव शतक उलटून गेले. आम्ही कल्याणला आलो, भावंडांची लग्ने झाली, नातवंडे मोठी झाली. यंदाच्या जानेवारीत एके दिवशी आई अचानक म्हणाली, "गुडघे अजून चालतायत. ते चालतायत तोवर मला ती लेणी दाखवा." आईचे वय बहात्तर. तिने आजवर आमच्याकडे साडीसुद्धा तोंड उघडून मागितलेली नाही. त्यामुळे घरात कोणी 'नाही' म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

नाही म्हणायला माझी थोरली मुलगी जराशी कुरकुरली. ती कॉलेजात जाते. तिच्या मैत्रिणी खालापूरला, महामार्गालगतच्या मोठ्या मनोरंजन उद्यानात जाऊन आल्या होत्या. कर्जतच्या एखाद्या रिसॉर्टला तरी जाऊ, पोहण्याचा तलाव असतो, असे तिचे म्हणणे. तिच्या हौसेला मी नावे ठेवत नाही. आपल्या पोरांनाही हौस असते आणि असावी. पण आम्ही लहानमोठी मिळून नऊ माणसे. एवढ्यांचे रिसॉर्टचे पैसे भरले तर महिन्याचा किराणा उधारीवर आणावा लागेल. मी तिला एवढेच म्हटले, "यंदा आजीची सहल. पुढची तुझी." ती गप्प बसली, पण चेहरा काही खुलला नाही.

रविवारी पहाटे चारला उठून मी आणि वहिनीने तांदळाच्या भाकऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणीची चटणी बांधली. आईने पांढरी साडी नेसली. आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने नीळ घालून धुतलेली. "डोंगर चढायचाय आई, मळेल," असे वहिनी म्हणाली. त्यावर आई म्हणाली, "मळली तर धुवीन. वंदनेला जायचंय, बाजाराला नाय."

कल्याणहून कर्जत लोकल मिळाली. डब्यात दोघेतिघे रविवारच्या मेगाब्लॉकवर वैतागून बोलत होते. आई खिडकीशी बसून ऐकत होती. मग हळूच माझ्या मुलाला म्हणाली, "लोकांचा ब्लॉक म्हणजे तुझ्या आजोबांची ड्यूटी." मुलगा आठवीत आहे. रूळ दुरुस्त करायला गाड्या थांबवाव्या लागतात आणि त्या वेळी रुळावर माणसे राबत असतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आजोबांचा फोटो घरात आहे, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली. पण आजोबा नेमके काय करीत, हे आपण मुलांना सांगितले नाही, याची मला तेव्हाच पहिल्यांदा लाज वाटली.

बदलापूरच्या पुढे उल्हास नदी रुळाच्या जवळून वाहते. हीच नदी पुढे कल्याणच्या खाडीला जाऊन मिळते. उल्हासनगरला नाव हिचेच. आपल्याकडच्या लाखो लोकांच्या नळाला हिचे पाणी येते. आज आपण ह्या पाण्याच्या उगमाकडे चाललोय, असे भावाने सांगितले तेव्हा लहान मुले खिडकीकडे धावली.

कर्जत स्टेशनवर उतरलो. घाट चढणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिने लावतात. आई फलाटावर थोडा वेळ उभी राहिली. पूर्वी आमचे रेल्वेचे क्वार्टर इथून जवळच होते. ती काही बोलली नाही. आम्हीही घाई केली नाही.

स्टेशनाबाहेरून शेअर रिक्षा करून कोंदिवडे गावी पोहोचलो. गावापासून पुढे पायी चालायचे. उजाड शेते, मग ओढा, मग झाडी आणि चढण. तरुण माणूस तास-सव्वा तासात लेण्यांपाशी जातो. आम्हाला अडीच तास लागले. आई दहा पावले चाले आणि दगडावर टेके. माझा भाऊ तिच्या मागे, त्याचा मुलगा पुढे. दोनदा मी म्हटले, "आई, इथूनच नमस्कार कर, परत फिरू." तिने माझ्याकडे असे पाहिले की तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही.

चढणीला लागण्याआधी, पायथ्याच्या वाडीतल्या शेवटच्या घरापाशी एक ठाकर बाई अंगण सारवत होती. आईला धाप लागलेली पाहून ती हात धुऊन आत गेली. तिने तांब्याभर पाणी आणले आणि तांब्या सरळ आईच्या हातात दिला. आईने तो तांब्या दोन्ही हातांत धरला, पण लगेच प्यायली नाही. एक क्षण नुसती बघत राहिली. मग तोंड लावून सगळे पाणी प्यायली.

वाचक भगिनींनो, तो एक क्षण का, हे आमच्या पिढीतल्या बायकांना सांगायला नको. आईचे माहेर खालापूर तालुक्यातले. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीला आपल्या माणसांनी हात लावायचा नाही. हंडा घेऊन लांब बसायचे. कोणाला दया आली की ती बाई वरून पाणी ओतणार. ते अर्धे हंड्यात, अर्धे मातीत. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, ह्याच जिल्ह्यातल्या महाडला. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनीही त्याच जिल्ह्यातली एक मुलगी विहिरीपासून लांब बसून होती. ती मुलगी म्हणजे माझी आई.

भावाने मुलांना तिथेच बसवून आणखी एक हकीकत सांगितली. १९३४ साली बाबासाहेब आपल्या चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन सहलीला निघाले होते. त्यांनाही बौद्ध लेणीच पाहायची होती, वेरूळची. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ धुवायला दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने काहींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून गर्दी जमली, शिवीगाळ झाली, आणि शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही ह्या अटीवर त्यांना आत सोडण्यात आले. परदेशांत शिकून आलेले बॅरिस्टर आंबेडकर त्या मंडळींत होते! हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. आपण आज डबे बांधून, पोरेबाळे घेऊन लेण्यांच्या सहलीला जातो. ही साधी गोष्ट आपल्याला केवढ्या मोलाने मिळाली आहे!

लेण्यांच्या जवळ पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. झाडीतून एकदम कातळाची काळी भिंत समोर येते आणि त्या भिंतीत चैत्यगृहाची भली मोठी कमान. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून ह्या लेण्यांच्या तोंडावर धबधबा कोसळतो. जानेवारीत तो नसतो. सगळीकडे शांत होते. माझी थोरली, जी सकाळपासून तोंड फुगवून होती, ती कमानीखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "आई, हे सगळं हातानं?"

होय, सगळे हाताने. छिन्नी आणि हातोडा. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. सोपारा, कल्याण ह्या बंदरांतून माल घेऊन तांडे घाट चढून वर जात. त्या वाटांच्या कडेने बौद्ध भिक्खूंची निवासस्थाने कोरली गेली. घाटाखाली कोंडाणे, घाटावर कार्ले, भाजे, बेडसे. कोंडाण्याचे चैत्यगृह साठ-पासष्ट फूट खोल आहे. आतले बरेचसे खांब पाण्याने झिजून गेले आहेत, काहींचे तर फक्त तुकडे उरले आहेत. छताला पूर्वी लाकडी फासळ्या होत्या, त्या आता नाहीत. शेवटी अर्धगोल भिंतीपुढे स्तूप आहे. तोही झिजलेला, पण उभा आहे.

धाकट्याने विचारले, "बुद्ध कुठे आहेत?" त्याच्या डोळ्यांपुढे आपल्या विहारातली मूर्ती. भावाच्या मुलाने त्याला समजावले. हा पोरगा कॉलेजात आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर धम्मलिपी, म्हणजे ब्राह्मी लिपी शिकतो. तो म्हणाला, "त्या काळी बुद्धांची मूर्ती करीत नसत. स्तूपालाच वंदन करीत. पालीत धातुगब्भ म्हणतात, म्हणजे ज्याच्या पोटात अस्थी ठेवल्या आहेत तो. त्यावरूनच सिंहलीत दागाबा आणि आपल्याकडे दागोबा हा शब्द आला. परदेशातले पॅगोडे म्हणतात ना, तीही ह्या स्तूपाचीच लेकरं." आपल्या समाजातला विशीचा मुलगा डोंगरात उभा राहून हे सांगतो आहे आणि बहात्तर वर्षांची आजी डोक्यावर पदर घेऊन ऐकते आहे! मला दादांची फार आठवण आली.

आम्ही मेणबत्त्या आणि अगरबत्ती नेली होती. पण भावाच्या मुलाने आत काही पेटवू दिले नाही. काजळीने दगड काळा पडतो, आणि अशा जागी कड्याला आग्या मोहोळे असतात, धूर झाला की माशा उठतात. ते पटले. स्तूपापुढे फुले ठेवली, त्रिसरण-पंचशील घेतले. आवाज छताला लागून परत येत होता. आई वंदना झाल्यावरही बराच वेळ बसून राहिली.

शेजारी विहार आहे. मधोमध सभागृह, त्यात खांबांच्या रांगा, आणि तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या लहान लहान खोल्या. अठरा खोल्या. प्रत्येकीत झोपायला दगडी ओटा. वहिनी म्हणाली, "आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान." पण त्या खोल्यांत राहणाऱ्यांजवळ एक भिक्षापात्र आणि तीन चीवरे एवढाच संसार होता. पुढे कड्याच्या खाली आणखी काही खोल्या आणि पाण्याची टाकी आहेत. डोंगराचे पाणी साठवून वर्षभर पुरवण्याची सोय त्या लोकांनी दगडात करून ठेवली होती.

आता मला जे सांगायचे आहे ते इथून पुढे आहे. ते सांगायला बरे वाटत नाही, पण त्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचे भग्न शीर आहे. त्याच्याजवळ धम्मलिपीत एक ओळ कोरलेली आहे. भावाच्या मुलाने ती बोट न लावता, लांबूनच वाचून दाखवली. "कण्हस अंतेवासिना बलकेन कतं." म्हणजे, कण्हाचा शिष्य बलक याने केले. बस, एवढेच. राजाचे नाव नाही, शेठ-सावकाराचे नाव नाही. ज्याच्या हाताला छिन्नीचे घट्टे पडले असतील त्याचे नाव. घाटावर कार्ल्यालाही असेच आहे. तिथे दरवाजाचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव, त्याच्या बापाच्या नावासह, भिंतीवर लिहिलेले आहे. धम्माच्या कामात सुताराचे, पाथरवटाचे नावही दगडावर जाते! तिथे कामाला विटाळ नाही.

आम्ही मोठी माणसे हे ऐकून भारावून गेलो आणि पुढे विहारात जेवायच्या जागेचा विचार करीत बाहेर आलो. माझा आठवीतला मुलगा मागे राहिला. मला वाटले, पाहत असेल. थोड्या वेळाने आत गेले तर तो विहारातल्या एका खोलीच्या भिंतीशी उकिडवा बसलेला. हातात टोकदार दगड. भिंतीवर आधीच कोणाकोणाची नावे, बदाम, बाण, तारखा खरडलेल्या होत्या. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत त्याने एक अक्षर कोरले होते आणि दुसऱ्याला सुरुवात केली होती. ते त्याच्या आजोबांच्या नावाचे पहिले अक्षर होते.

मी ओरडणार, इतक्यात आई मागून आली. तिने त्याच्या हातातला दगड काढून घेतला. मारले नाही. त्याच्यासमोर खाली बसली. तो रडवेला होऊन म्हणाला, "आजी, बलकचं नाव आहे. मग आजोबांचं का नाही? त्यांनी पण दगडातच काम केलं ना?"

आई म्हणाली, "बलकानं हा डोंगर कोरून घर केलं, मग शेवटी नाव टाकलं. तेही आधी गुरूचं, मागून आपलं. तू काय केलंस? त्याच्या घराच्या भिंतीला ओरखडा काढलास. तुझ्या आजोबांनी एकोणतीस वर्षं रुळाला तडा आहे का ते पाहिलं. एवढासा तडा दिसला तरी झेंडा घेऊन उभे राहायचे. त्यांच्या नावानं तू तडा पाडतोस?"

मुलगा हमसून रडायला लागला. माझ्याही डोळ्याला पाणी आले, आणि खरे सांगते, रागापेक्षा मला त्याची कीवच आली. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. तो बसला होता त्या भिंतीसमोरच्या दरीपलीकडे बोरघाटाचा रेल्वेमार्ग आहे. १८५६ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८६३ साली घाट गाडीसाठी खुला झाला. पंचवीस बोगदे फोडले. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. पटकीने आणि अपघातांनी हजारो मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. त्यांची नावे पुस्तकांत सापडतात. पण दोरीला लोंबकळून कड्याला सुरुंग लावणाऱ्यांची नावे? ती कुठल्याच दगडावर नाहीत. त्या कामावर कोण गेले असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ज्यांना गावात जमीन नव्हती, विहीर नव्हती, मान नव्हता, तेच गेले असतील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बलकाचे नाव उरले आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसांचे पुसले गेले. आठवीतल्या पोराला ही गोष्ट खुपली. त्याने फक्त उत्तर चुकीच्या जागी लिहिले.

ते अक्षर आम्हाला पुसता आले नाही. घासून काढावे तर दगड आणखी खरवडतो. भावाच्या मुलाने घासू दिले नाही. ते अक्षर अजून तिथे आहे आणि आपल्या हयातीत जाणार नाही. कोणी म्हणेल, एवढ्या नावांत एक अक्षर ते काय! पण तिथे लिहिणाऱ्या प्रत्येकाने हेच म्हटले असणार. कोंडाण्याची लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहेत. २०१० च्या कायदा-दुरुस्तीनंतर अशा स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हे मी दुसऱ्यांना धाक घालायला लिहीत नाही. माझ्याच मुलाने केले म्हणून लिहिते. आपण सभांतून म्हणतो, आमची लेणी, आमचा वारसा, त्यावर दुसऱ्यांनी शेंदूर फासला. ते म्हणणे खरे आहे. पण आपले म्हटल्यावर आपला हातही आवरायला हवा, आणि आपल्या पोरांचाही.

जेवायला कोणी फारसे बोलले नाही. जेवण झाल्यावर थोरलीने आपणहून पिशवी काढली आणि आजूबाजूच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे गोळा करायला लागली. तिच्यामागे धाकटाही लागला. आम्ही कोणी सांगितले नव्हते. दोन पिशव्या भरल्या.

परतीला निघणार तोच समोरच्या डोंगरातून गाडीचा आवाज आला. घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज वेगळाच असतो, जड, दमलेला. गाडी झाडीत दिसत नव्हती, मध्येच बोगद्यात गेली की आवाज बंद होई आणि पुन्हा सुरू होई. आई काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत उभी राहिली. क्वार्टरमध्ये राहत असताना, दादा पावसाळ्यात रात्रपाळीच्या गस्तीवर गेले की ती अशीच अंधारात बसून गाड्यांचे आवाज ऐकायची, हे मला आठवले. शेवटचा आवाज निघून गेला तेव्हा ती म्हणाली, "गेली. चला."

उतरताना माझ्या मुलाने आजीचा हात सोडला नाही. अर्ध्या वाटेत त्याने विचारले, "आजी, आजोबांच्या गँगमध्ये किती माणसं होती?" आई एकेक नाव सांगू लागली. कोणाचे गाव, कोणाची बायको, कोण ढोलकी वाजवी, कोण गँगच्या जेवणात मीठ जास्त टाकी. अकरा नावे सांगितली. मग थांबली. "अजून दोघं-तिघं होते," म्हणाली, "नावं आठवत नायत." वाडीतल्या त्या बाईच्या अंगणात पुन्हा टेकलो. मुलाने शाळेची नसलेली, हिशेबाची छोटी वही भावाकडून मागून घेतली आणि ती अकरा नावे लिहून काढली. सर्वांत शेवटी आपल्या आजोबांचे. आधी का नाही लिहिले, असे मी विचारले. म्हणाला, "बलकनं पण आपलं मागून लिहिलंय."

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी थोडे लिहिते. कर्जतहून सकाळी लवकर निघावे. माणशी दोन बाटल्या पाणी न्यावे, वर काही मिळत नाही. पायात चांगली पकड असलेले बूट किंवा चपला असाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात धबधबा पाहायला तरुणांची झुंबड उडते, पण म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन त्या दिवसांत मुळीच जाऊ नये. वाट निसरडी होते, ओढे फुगतात. ह्या डोंगरांचा पावसाळ्यात भरवसा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी झोपेतच दरडीखाली गेली, हे आपण विसरू नये. वर गेल्यावर मेणबत्ती-अगरबत्ती पेटवू नये. स्तूपावर चढू नये. आणलेला कचरा परत न्यावा. आणि मुलांवर डोळा ठेवावा. त्यांना नुसते 'लिहू नको' सांगून भागत नाही. तिथे बलकाचे नाव का आहे, हे आधी समजावून सांगावे. मी ते केले नाही, म्हणून माझ्या मुलाकडून चूक घडली.

आणखी एक विनंती. आपल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पालिकेच्या सफाईत राबून गेले आहे. त्यांची नावे कोणी दगडावर कोरणार नाही. येत्या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. त्यांचे काम काय होते, सोबत कोण होते, गाव कोणते, हे विचारून लिहून घ्या. आम्ही उशीर केला. आमच्या वहीत दोन-तीन जागा रिकाम्या आहेत. आई अधूनमधून दुपारी पडल्या-पडल्या आठवत असते. परवा तिला एक नाव आठवले. मुलगा शाळेतून आल्यावर तिने आधी ते त्याला सांगितले, मग चहा केला.